बोटावरची चामड्याची सेन्सर पट्टी: बडोद्यातल्या एका हँड थेरपिस्टचा अभिप्राय

उत्तरायण संपलं की बडोद्यात बोटांचा मोसम सुरू होतो. 14 जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, दोन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. त्यानंतर दांडिया बाजारातल्या माझ्या छोट्या क्लिनिकमध्ये टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या, शिवलेले हात यायला लागतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली, पण तो मिळायचा थांबलेला नाही. ताणलेला मांजा बोटावरून सर्रकन गेला की कातडीसकट बोट वाकवणारे दोन्ही टेंडन कापले जातात. सर्जन ते शिवतात. त्यापुढचे तीनेक महिने तो हात माझ्या ताब्यात असतो.

म्हणायला ताब्यात. दिवसाचा अर्धा तास तो माझ्यासमोर टेबलावर असतो, बाकीचा वेळ घरी, दुकानात, स्कूटरच्या हँडलवर. शिवलेलं बोट कमी हलवलं तर टेंडन आजूबाजूला चिकटतो आणि मूठ कायमची अर्धी राहते. जास्त हलवलं, जोर लावला, तर शिवणच सुटते आणि पुन्हा ऑपरेशन. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे, आणि पेशंट त्या वाटेवर आहे की नाही हे मला फक्त त्याच्या तोंडून कळतं. "करते ना ताई, रोज करते." हे वाक्य मी इतक्या प्रेमळ माणसांकडून ऐकलंय की त्यावर अविश्वास दाखवायलाही जीव होत नाही.

म्हणून बोटाची हालचाल नोंदवणारी ही पट्टी घेतली. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, गाळा असलेले काही तरुण इंजिनिअर ती बनवतात. दुकानात अजून ठेवलेली नाही, ओळखीच्या थेरपिस्टांनाच वापरून बघायला विकतात, म्हणून नाव लिहीत नाही. गेल्या उत्तरायणापासून या नवरात्रापर्यंत मी ती वेगवेगळ्या हातांवर बांधली. हिवाळा, मे महिन्याचा फुफाटा आणि पावसाळा, तिन्ही ऋतू तिनं पाहिलेत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

संचात पाच पट्ट्या येतात, एकेका बोटासाठी एकेक. बकरीचं मऊ चामडं, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आत, रुंदी करंगळीच्या नखाएवढी. गुळगुळीत बाजू कातडीकडे आणि मांसाकडची बाजू वर, तिच्यावर कार्बनचा काळा लेप. दोन्ही टोकांना टिचबटणं. पट्टी बोटाच्या पाठीवर, मधल्या सांध्यावरून बसते, खाली-वर मऊ कापडी कडी. तिथून बारीक वायर मनगटावरच्या पट्ट्यात जाते, त्यात बटाट्याच्या कापाएवढं सर्किट आणि बॅटरी. पुढे ब्लूटूथनं फोनवर. बोट वाकलं की सांध्यावरची कातडी ताणली जाते, तिच्याबरोबर पट्टी ताणली जाते, लेपातले कार्बनचे कण एकमेकांपासून थोडे दूर होतात आणि विजेला अडथळा वाढतो. फोनवर रेष चढते. बोट सरळ केलं की रेष उतरते.

तत्त्व जुनंच आहे. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो हे केल्व्हिननं 1856 मध्येच दाखवलं होतं, आणि 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे चिकटवायचा स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारी बारीक पट्टी, तयार केला. पुलावर, विमानाच्या पंखावर तो आजही लावतात. पण धातूचा गेज काही टक्क्यांच्या वर ताणला की तुटतो, आणि आपल्या बोटाच्या सांध्यावरची कातडी मूठ वळताना त्याच्या कितीतरी पट ताणली जाते. स्वतःच्याच हाताची मूठ वळून बघा, सरळ बोटावर दिसणाऱ्या त्या सुरकुत्या कुठच्या कुठे जातात. तिथे मऊ आणि ताणणारंच काहीतरी हवं.

माझा भाचा कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, इलेक्ट्रॉनिक्सला आहे. त्याला बसवून टेबलावर मोजमाप केलं. 50 मिलिमीटरचा तुकडा दोन चिमट्यांत धरून 55 पर्यंत ताणला, म्हणजे 10 टक्के. विद्युतरोध 12 किलोओमवरून 17 वर गेला. रोधातली टक्केवारीची वाढ भागिले ताणाची टक्केवारी याला गेज फॅक्टर म्हणतात, तो इथे 4 च्या आसपास आला. धातूच्या साध्या गेजचा 2 च्या जवळपास असतो. म्हणजे पट्टी संवेदनशील आहे, यात शंका नाही. पण सोडल्यावर ती लगेच 12 वर परतली नाही. आधी 12.6, मग हळूहळू उतरत गेली. ताणताना रेष ज्या वाटेनं वर जाते त्याच वाटेनं खाली येत नाही. याचा माझ्या कामाशी थेट संबंध आहे, कारण पट्टी बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात "सांध्याचा अचूक कोन" असं छापलंय, आणि ते मला पटलेलं नाही. कोन मी आजही गोनिओमीटरनंच मोजते, पेशंटच्या फाईलमध्ये तोच आकडा लिहिते. ज्यांना अंशात कोन हवा असेल त्यांनी ही पट्टी घेऊ नये. बोट किती वेळा हललं, कधी हललं, कोणत्या लयीत हललं, अर्ध्यावर थांबलं की पूर्ण गेलं, हे ती चोख सांगते. आणि मला नेमकं तेच हवं होतं.

आता चामडंच का, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मला फार आवडलं, म्हणून सविस्तर लिहिते. चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे तंतूंचं प्रथिन, आणि तेही बहुतांश पहिल्या प्रकारचं. आमच्या पेशंटचा तुटलेला टेंडनही त्याच पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा असतो. फरक आहे तो मांडणीत. टेंडनमध्ये तंतू दोरखंडासारखे एका दिशेनं, शेजारी शेजारी. म्हणून तो ओढ पेलतो पण ताणला फारसा जात नाही. कातडीत तेच तंतू जुड्या-जुड्यांनी सगळ्या दिशांना, एकमेकांत गुंतलेले. ओढलं की आधी ते गुंते ओढीच्या दिशेला वळतात, मग ताण घेतात, आणि सोडलं की बरेचसे मागे येतात. या गुंत्याच्या पोकळ्यांत कार्बन आतवर शिरून बसतो, प्लास्टिकवर शाई लावावी तसा नुसता वर राहत नाही. मी नखानं खरवडून पाहिलं, निघाला नाही. आणि त्याच पोकळ्यांतून घामाची वाफ बाहेर जाते.

हे शेवटचं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं. याआधी मी सिलिकॉन रबरावर कार्बन लावलेली पट्टी वापरत होते. रीडिंग तिचंही छान यायचं. पण मे महिन्यात, पारा 42-43 ला टेकलेला असताना, दोन तासांत पट्टीखालची कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली व्हायची. ताज्या व्रणाजवळ असली भिजलेली कातडी मला मुळीच चालत नाही. पेशंट पट्टी काढून ठेवायचे आणि त्यांचं बरोबरच होतं. वाकायच्या प्लास्टिक सेन्सरचा प्रश्न वेगळा, ते बोटालाच विरोध करतात. सहा आठवड्यांच्या अशक्त बोटाला स्प्रिंगविरुद्ध व्यायाम करायला लावण्यासारखं आहे ते. चामड्याची पट्टी मात्र दिवसभर राहते. एका काकांनी तर ती घालूनच अंघोळ केली, कारण बोटावर काही आहे हेच विसरले. पट्टी वाळल्यावर कडक झाली आणि टाकून द्यावी लागली, पण मला मनातून आनंद झाला.

खंडेराव मार्केटात फुलं विकणाऱ्या एका मावशींचं सांगते. रिक्षातून हात बाहेर असताना मांजा आला आणि डाव्या हाताची तर्जनी कापली. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी स्प्लिंट, म्हणजे हात जागेवर धरून ठेवणारा कडक आधार, निघाला, हलका व्यायाम सुरू झाला, जोराचं काम अजून पूर्ण बंद. मावशी वेळेवर यायच्या, सांगितलेलं सगळं करते म्हणायच्या, दुकानावर सून बसते म्हणायच्या. पट्टी बांधून पाठवलं. परत आल्यावर फोनवरची रेष पाहिली तर सकाळी व्यायामाचे संथ, मोठे चढ-उतार, अगदी शिकवले तसे. त्यानंतर साडेपाच ते नऊ बारीक, भरभर, एकसारखे दाते, थांबायचं नावच नाही. व्यायामात अशी लय येत नाही. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी रेषेकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे, आणि म्हणाल्या, "हार गुंफते तेव्हाचं आहे ताई. लग्नसराई आहे, सून एकटी किती करणार?" गाठ मारताना दोरा तर्जनीवरूनच ओढतात, म्हणजे शिवलेल्या टेंडनवर थेट ओढ. रागवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही बसून ठरवलं की फुलं निवडणं आणि सुई ओवणं त्यांचं, गाठ सुनेची. सुनेलाही बोलावून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते दाते गेले होते. बोट आज जवळजवळ पूर्ण वळतं.

ही पट्टी नसती तर मला हे शिवण सुटल्यावरच कळलं असतं. आजवर मी पेशंटना कमी व्यायामाबद्दल टोकत आले. जास्त करणारे, कामाला जुंपलेले हात मला दिसतच नव्हते, आणि धोका त्यांनाच जास्त असतो.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पट्टी वाकणं सांगते, जोर सांगत नाही. रिकामी मूठ आणि पाण्याची बादली उचललेली मूठ, दोन्हींची रेष सारखीच दिसते. मावशींच्या बाबतीत लय ओळखीची निघाली म्हणून उलगडा झाला. एकदाच उचललेली जड बादली पट्टीला दिसणार नाही, आणि टेंडन तुटायला ती एकदाच पुरते.

दुसरी अडचण स्प्लिंटची, आणि ती बनवणाऱ्यांच्या ध्यानातच आलेली नव्हती. टेंडन शिवल्यावर पहिले आठवडे हाताच्या पाठीवरून जो स्प्लिंट असतो, त्यात बोटांची पाठ स्प्लिंटला टेकलेली असते. पट्टीची जागाही तीच. ती मध्ये दाबली जाते, आणि हे चामडं ताणाइतकंच दाबालाही प्रतिसाद देतं. रेष नुसती नाचते. शिवाय त्या काळात व्रणाच्या हाताला जादा काही बांधूच नये असं माझं मत आहे. म्हणजे जेव्हा माहितीची गरज सर्वांत जास्त तेव्हाच पट्टी उपयोगाची नाही. स्प्लिंट निघाल्यापासून पुढे मात्र उत्तम.

पावसाळ्यानं तिची परीक्षा घेतली. चामडं हवेतला ओलावा पितं, हा त्याचा स्वभावच. जुलैत सकाळी सरळ बोटाला जो आकडा यायचा तो दुपारी पाऊस झाल्यावर वेगळा यायचा. घामातल्या क्षारांमुळेही आकडा सरकतो. वरून पातळ संरक्षक लेप आहे, पण कापलेल्या कडा उघड्याच असतात आणि ओल तिथून शिरते. कडाही बंद करा असं मी त्यांना कळवलंय. तोवर माझा उपाय असा की रोज बांधल्यावर आधी हात टेबलावर सपाट, मग झेपेल तेवढी मूठ. ॲपमध्ये ही दोन टोकं नोंदवायची सोय आहे आणि ती दर वेळी वापरायचीच. आठवड्यापूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहायला जाऊ नका.

पट्टी-पट्टीतही फरक असतो. जनावराच्या कण्यालगतचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल. माझ्या संचातली अनामिकेची पट्टी इतरांपेक्षा उघड उघड जास्त ताणायची, बहुधा पोटाकडची होती. प्रत्येक पट्टीचं माप वेगळं घ्यावं लागतं. मला त्याचं काही वाटत नाही, पण ज्यांना कारखान्यातून एकसारखे दाणे यावेत तशा वस्तूची सवय आहे त्यांची चिडचिड होईल.

चामडं कमावण्याबद्दल मी बनवणाऱ्या मुलांना आधीच विचारलं होतं. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमनं कमावलेलं असतं, हेही तसंच आहे, कारण त्यानं मऊपणा येतो. त्यातला तीन संयुजेचा क्रोमियम कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवतो. पण प्रक्रिया नीट झाली नाही किंवा चामडं नीट साठवलं नाही तर त्यातला काही सहा संयुजेचा होऊ शकतो, आणि त्याची ॲलर्जी वाईट असते. युरोपात कातडीला लागणाऱ्या चामड्यात त्याची मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम आहे, 2015 पासून. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत अशा तपासण्या होतात. मी तपासणीचा कागद मागितला, मुलांनी आठवडाभरात आणून दिला. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. तुम्हीही मागा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेली पट्टी त्यांनी मला दाखवली होती, ती मात्र ताठ होती. कोल्हापुरी वहाणेला शोभेल असं चामडं, बोटाला नाही.

आणि आता बडोद्यात राहून न लिहिता चालणार नाही अशी गोष्ट. मनगट मोडून बोटं आखडलेल्या एक जैन आजी आल्या होत्या. मी पट्टी हातात घेतली तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बेन, आ चामडानुं छे?" मी हो म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला, अगदी सौम्यपणे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पेशंट गुजराती, त्यांत जैन आणि वैष्णव घरं पुष्कळ. पट्टी काळी असते, वरून चामडं ओळखू येत नाही, न सांगता बांधली तर कुणाला कळणारही नाही. असं कुणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी सांगायचं, मग विचारायचं. हिंदू-मुसलमान, कुणीही असो, कोणत्या जनावराचं हेही सांगायचं. त्या आजींसाठी मी त्याच मुलांकडून विणलेल्या सुती कापडावर कार्बन लावलेली पट्टी आणवली. ती लवकर सैल पडते, रेष जाडीभरडी येते, तरी मुठी मोजण्यापुरती पुरली आणि आजींनी ती आनंदानं वापरली. सुती पट्टी संचातच एक द्यावी असं मी त्यांना सांगितलंय.

स्वच्छतेचा प्रश्न सुटलेला नाही. चामडं उकळता येत नाही, स्पिरिटनं पुसलं तर लेपाला बारीक तडे जातात, साबणाच्या पाण्यानं ते ताठरतं. म्हणून एक पट्टी एकाच पेशंटची, उपचार संपले की ती त्यालाच देऊन टाकायची. मेणाच्या शेकाआधी न विसरता काढायची, नाहीतर मेण पोकळ्यांत शिरून पट्टीचा श्वासच बंद होतो. पाच पट्ट्यांचा संच 4,800 रुपयांना पडला, सुटी पट्टी 350 ला. मनगटाचा भाग पुन्हा पुन्हा वापरता येतो, तेव्हा दर पेशंटमागे खर्च पट्टीचाच. ज्यांना तेही जड जातं त्यांच्यासाठी मी ते फीमध्ये सांभाळून घेते. मोठ्या हॉस्पिटलला हे गणित जमेल का, ते त्यांनी पाहावं.

सगळ्यात जास्त छळलं ते टिचबटणांनी. चामडं, कार्बन, सर्किट सगळं इतक्या विचारानं केलेलं आणि जोड मात्र ब्लाउजच्या बटणाचा! थोडं सैल झालं की रेष उडी मारते आणि बोट न हलवता मूठ मोजली जाते. दांडिया बाजारातल्या आमच्या शिंप्याकडून मी दोन बटणं पुन्हा घट्ट करून घेतली, तेव्हा कुठे रेष शांत झाली. ॲपही फक्त इंग्रजीत आहे. माझ्या मावशींना, काकांना, आजींना स्वतःची रेष स्वतः वाचता आली पाहिजे, गुजरातीत आणि मराठीत. व्यायाम त्यांचा, बोट त्यांचं, मग फोनवरचा शब्द परका का?

टेंडनच्या, मोडलेल्या मनगटाच्या किंवा पक्षाघातानंतरच्या हातांवर काम करणाऱ्या थेरपिस्टांना मी ही पट्टी घ्यायला सांगेन. घरी आपण होऊन विकत घेणाऱ्यांना नाही सांगणार, रेष वाचायला शेजारी कुणीतरी जाणकार हवा. मागवताना बोटाचा घेर सांध्यावर मोजून कळवा, सुजलेल्या हाताचा सूज उतरल्यावर पुन्हा मोजा, आणि टिचबटणं पितळेची, मोठ्या आकाराची लावून द्या असं बजावून सांगा. सांगितलं तर देतात.